मूळ चालतं का, एवढंच विचारलं



यंदा दशलक्षणात भाची चार दिवस राहायला आली होती. एम.फार्म. करते. माझं एकासन होतं. दुपारचं आवरून बसलो, तेव्हा सहज विचारलं, "तुझा प्रकल्प कशावर गं?" म्हणाली, "ज्येष्ठमध, मावशी. पोटातल्या अल्सरवर."

मला आनंदच झाला. आपल्या आजीच्या बटव्यातलं औषध! मग ती कसं करतात ते सांगू लागली. पांढरे उंदीर, एका गटात ६, असे ५ गट. एका गटाला नुसतं पाणी, एकाला अॅसिडिटीची नेहमीची गोळी, बाकी तिघांना ज्येष्ठमधाचा अर्क, कमी-जास्त प्रमाणात. २४ तास उपाशी ठेवायचं. मग भूल देऊन जठराचं खालचं तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे आम्ल आतच साठतं. काही तासांनी उंदीर मारून, जठर उघडून जखमा मोजायच्या. परवानगीला समिती असते, जास्तीचा एकही घेता येत नाही, हेही तिने सांगितलं. पण माझा कॉमर्सचा गुणाकार तोवर झाला होता. ३०. मी एकवेळ जेवते ती माझ्या मर्जीने, त्यांना कोण विचारतं?

"दुसरा मार्गच नाही का?" तिने बॅरी मार्शल यांची गोष्ट सांगितली. या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली अल्सरचा संशय असलेले जंतू स्वतःच पिऊन आजार ओढवून घेतला. २००५ मध्ये नोबेल मिळालं. "पण मावशी, प्रत्येक औषधाला असं कोण पिणार?"

तेव्हा मला आमच्या घरातली गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी यांना अल्सर निघाला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, शिवाय मी रोज सकाळी ज्येष्ठमधाची पूड दुधातून द्यायला लागले. चमचा भरून, दोन महिने. सुरू करण्याआधी माताजींना विचारलं होतं, हे मूळ आहे, चालेल का? वाळलेलं आहे, सुंठ-हळदीसारखं, चालेल म्हणाल्या. किती द्यायचं, हे मात्र कुणालाच विचारलं नाही. यांचे पाय सुजले, बीपी कधी नव्हे एवढं चढलं, रक्तात पोटॅशियम कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? माझ्या वहीत सगळ्या गोळ्यांची नोंद होती, तारखेसह. ज्येष्ठमध नव्हतं. ते औषध आहे असं मला वाटलंच नव्हतं ना!

भाची म्हणाली, हॉलंडच्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ च्या सुमारासच हे पाहिलं होतं. अल्सरला आराम पडायचा, पण काही रुग्णांना सूज यायची. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. ते काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं. ज्यांच्या घरी बीपीची किंवा लघवी होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूड देऊ नका गं.

क्षमावाणीला यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा त्या दुधाची आठवण काढून क्षमा मागितली. उंदरांचं सगळं ऐकलेलं होतं यांनी. म्हणाले, "म्हणजे मी एकतिसावा."

भाचीचे प्रयोग दिवाळीनंतर सुरू होतील. परवा तिचा फोन होता, मी तब्येतीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. ते विचारायला जीभ वळली नाही.