सकाळपासून काही खाल्लं का?

माझं बालपण घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये गेलं. त्या घरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "बाबा झोपलेत, आवाज करू नका." वडील कोळसा खाणीत, पाळ्या फिरत्या. रात्रपाळी असली की सकाळी ते घरी यायचे, आई वरण-भात वाढायची, खिडकीला जाड चादर टांगली जायची आणि कूलरच्या घरघरीत बाबांची रात्र सुरू व्हायची. आम्ही शाळेतून परतलो तरी घरात अंधारच.

हे सगळं जगलेली मी डॉक्टर झाले, पुढे संशोधनात गेले, आणि त्याच गावात मधुमेह व नैराश्य यांचा संबंध तपासायला आले. रक्त घ्यायची वेळ ठेवली सकाळी साडेसात. उपाशीपोटी.

विषय भक्कम होता. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते, हे २००१ सालापासून वैद्यकीय साहित्यात मांडलं गेलं आहे. फिरत्या पाळ्या, धूळ, चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा आणि ठेकेदारीतली नोकरी यांचं ओझं साखरेवर आणि मनावर किती पडतं, ते मला पाहायचं होतं. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आधीचे किमान आठ तास पोटात काही गेलेलं नसावं लागतं. फॉर्मवर प्रश्न होता : सकाळपासून काही खाल्लं का? बहुतेकांचं उत्तर, नाही.

तीन आठवड्यांनी एका डंपर ऑपरेटरच्या दंडाला पट्टा बांधताना मी सहज विचारलं, रात्री जेवलात किती वाजता?

"तीन वाजता डब्बा खाल्लो ना मॅडम. मंग सहाले चहा झाला."

"मग फॉर्मवर नाही का म्हणालात?"

"तुमी सकाळचं इचारलं. अन् चहा काय खानं होते का?"

त्याचं एकही उत्तर खोटं नव्हतं. तीनचा डबा रात्रीचा होता आणि चहा तर पितात. प्रश्न रात्री झोपणाऱ्या माणसानं रात्री झोपणाऱ्यांसाठी लिहिला होता, आणि तो माणूस मी होते.

त्याच दिवशी काम थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण आकडे फार देखणे येत होते : रात्रपाळीवाल्यांची साखरही जास्त, नैराश्याचे गुणही जास्त. आलेख सरळ वर चढत होता. नैराश्यासाठी आम्ही पीएचक्यू-९ वापरत होतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. यातला तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपू पाहणारा माणूस या तिन्हींना काय उत्तर देणार? तो उदास नसेलही, पण सहा-सात गुण तिथेच जमतात. म्हणजे रात्रपाळी एका हातानं साखरेचा आकडा फुगवत होती, दुसऱ्या हातानं नैराश्याचा, आणि मी दोघांचं नातं लावून मोकळी झाले होते. नागपूरच्या एका बैठकीत हा आलेख मी ऐटीत दाखवला. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेनं विचारलं, झोपेचा प्रश्न वगळून पाहिलंत का? हॉटेलवर परतून पाहिलं. निम्मा आलेख झोपला. रात्रपाळीनं मधुमेहाचा धोका खरोखर वाढतो, हे इतरांच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. माझ्या आकड्यांना मात्र त्याबद्दल बोलायचा अधिकार नव्हता.

मग मी शहाणपण केलं. उपाशीपोटीचा घोळ नको म्हणून एचबीएवनसी धरली. आपल्याकडे जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती तपासणी. कधीही रक्त घ्या, साडेसहा टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह. एका गृहस्थाची बोटावरची साखर दोनशे साठ आणि एचबीएवनसी पाच पूर्णांक चार आली. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, मॅडम, काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, पट्टी उन्हात राहिली असेल. महागड्या तपासणीवर माझा विश्वास, स्वस्तातल्या पट्टीवर संशय. पुढच्या भेटीत त्या गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सिकलसेलचं कार्ड काढलं.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्यावर साखर चिकटत जाते, आणि ती चिकटलेली साखर म्हणजेच एचबीएवनसी. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांत मरते. साखर चिकटायला वेळच नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. उलट लोह कमी असेल तर तो खोटा वाढू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. माझ्या फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता.

चिंतेच्या प्रश्नावलीत, जीएडी-७ मध्ये, शेवटचा प्रश्न असतो : काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं होतं. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्या भागातल्या एका आजीला आम्ही हा प्रश्न विचारला. तिनं पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. आम्ही 'जवळजवळ रोज'वर खूण केली आणि तीन गुण दिले.

इथवरच्या चुका अभ्यासाच्या होत्या. पुढची तशी नाही.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बेरीज दहा किंवा जास्त आली की डॉक्टरांकडे पाठवायचं, दहाच्या आतले फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात, हा नियम मी लिहिलेला. पस्तिशीतल्या एका बाईंची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बेरीज आठ आली. घरोघरी फॉर्म भरणाऱ्या आमच्या मुलीनं प्रश्न मोठ्यानं वाचले तेव्हा सासू दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिच्यादेखत त्या बाईंनी नवव्या प्रश्नाला 'काही दिवस' म्हटलं. फॉर्म आठ गुणांचा म्हणून गठ्ठ्यात गेला. अकराव्या रात्री संगणकात आकडे भरताना मला तो दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, माहेरी गेली वणीकडे, फोन लागत नाही. दुपारपर्यंत मी त्या ओट्यावर बसून होते. नीतिमत्ता समितीला दिलेल्या अर्जात 'धोका आढळल्यास तातडीने संदर्भसेवा दिली जाईल' हे वाक्य मीच टंकलं होतं. त्या संदर्भसेवेला ना फोन होता ना माणूस.

त्या बाई तिसऱ्या दिवशी परतल्या. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "तुमी इचारलं ना, मंग मले वाटलं आता कोणी तरी येईन. लय वाट पाह्यली."

मी माफी मागितली. ती फार अपुरी होती.

पहिल्या फेरीतले उपाशीपोटीचे सगळे आकडे आम्ही रद्द केले. आता रात्रपाळीवाल्यांचं रक्त साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो आणि विचारतो, शेवटचा घास किंवा घोट कधी? नववा प्रश्न एकांतात विचारला जातो. उत्तर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता मुलगी तिथूनच मला फोन करते, आणि मी उचलेपर्यंत त्या घरातून उठत नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आम्ही घरोघरी लिहून देतो.

त्या बाई महिन्यातून एकदा चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात जातात. पहिल्या दोन खेपांचं बसभाडं मी दिलं होतं. तिसऱ्या खेपेला ते त्यांनी मोजून परत केलं.