रेकॉर्डिंग थेट बाहेरच्या डिस्कवर

घरी गाणं रेकॉर्ड करणारं कुणीही भेटलं, की मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच करा. केबलनं जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क फक्त प्रत ठेवायला. नगर, भिंगार, राहुरी, पाथर्डी, जिथे जिथे कुणी घरातल्या खोलीत माईक लावला, तिथल्या बऱ्याच जणांनी माझं ऐकलं. आज मी नेमकं उलटं सांगतो. रेकॉर्डिंग पहिल्या क्षणापासून बाहेरच्या डिस्कवर करा. ज्यांनी तेव्हा ऐकलं, त्यांना हे का बदललं ते कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

जुन्या सल्ल्याला कारणं होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्याकडे मिळणारी मोठी बाहेरची डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर चालायची. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर सुरू राहायचा आणि डिस्क मात्र त्याच क्षणी बंद. मंडळी अभंग रंगवत असायची आणि इकडे फाईल अर्धीच राहायची. वेव्ह फाईलची एकूण लांबी तिच्या सुरुवातीला नोंदलेली असते आणि ती नोंद बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना पक्की होते. त्यामुळे अशी तुटलेली फाईल सरळ उघडायचीही नाही. त्यात यूएसबीची जुनी पद्धत, एकाच हबवर साउंड कार्ड आणि डिस्क दोन्ही. मध्येच टिकटिक ऐकू यायची, आवाज तुटायचा. लॅपटॉपच्या पोटातली डिस्क त्या मानानं भरवशाची होती.

आता हिशेब बघा. उत्तम दर्जाचं म्हणजे 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचं रेकॉर्डिंग धरलं, तर एका माईकचा आवाज सेकंदाला 1,44,000 बाइट मागतो. गायक, पेटी, मृदंग, टाळ, मागचे टाळकरी असे आठ माईक लावले तरी सेकंदाला सव्वा एमबी होत नाही. जुन्या यूएसबी 2.0 वरूनसुद्धा प्रत्यक्षात 30 एमबीच्या आसपास जातात, आणि खिशात मावणारी साधी फिरती डिस्कही त्याहून जास्त वेगानं लिहू शकते. म्हणजे डिस्क कमी पडते हे खरं नाही. टिकटिक येते ती बहुतेक वेळा बफर फार लहान ठेवल्यामुळे, साध्या हबमुळे किंवा ढिल्या केबलमुळे. शिवाय खिशातली डिस्क वीज लॅपटॉपकडूनच घेते. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर तीही चालते. माझ्या जुन्या सल्ल्याचं मुख्य कारण इथे संपतं.

पण माझं मत हिशेबानं बदललं नाही. हिशेब मला आधीही येत होता. बदललं ते पाथर्डीच्या आत्यामुळे. तिच्या ओव्या आतेभावाच्या लॅपटॉपवर, माझ्याच सांगण्यावरून आतल्या डिस्कवर, रेकॉर्ड झाल्या होत्या. पुढे आतेभाऊ नोकरीला पुण्यात गेला. त्याच लॅपटॉपवर मुलीचे क्लास झाले, जागा कमी पडली म्हणून कुणीतरी फोल्डर इकडेतिकडे हलवले, मग नवा लॅपटॉप आला. आत्याचा आवाज घरात कुठे आहे, हे विचारलं तर कुणालाच सांगता येईना. कुणी हयगय केली असं नाही. लॅपटॉप घरातल्या सगळ्यांचा असतो. त्यावर अभ्यास होतो, लग्नाचे फोटो येतात, तो जुना होतो, एक्स्चेंजमध्ये जातो. ओव्यांना त्याच्या नशिबाशी बांधून ठेवायचं काय कारण?

त्यानंतर मी मागे वळून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की आवाज यंत्रातच राहण्याची पद्धत अगदी अलीकडची आहे. कलकत्त्यात 1902 मध्ये गौहरजानचं गाणं तबकडीसाठी घेतलं, तेव्हा यंत्र एकीकडे राहिलं आणि आवाज हॅनोव्हरला जाऊन तबकड्या होऊन परत आला. स्पूल तसंच, कॅसेट तशीच. टेपरेकॉर्डर बिघडला तर कॅसेट शेजारच्या टेपवर वाजायची. ध्वनिमुद्रण आणि यंत्र वेगळी असायची. कॉम्प्युटर घरात आला आणि आपण दोन्ही एकत्र करून टाकली.

जात्यावरच्या ओव्यांचंच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या कामातून 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण आणि ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला. ते सगळं गुडगावच्या संगीत अभिलेखागारात राहिलं, तिथून फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसला गेलं आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळामुळे पुन्हा मराठी घरांत ऐकू येऊ लागलं. या प्रवासात यंत्रं किती बदलली असतील! आवाज टिकला, कारण तो कुठल्याही एका यंत्रात अडकलेला नव्हता. आणि सोबत गाणारणीचं नाव होतं, गाव होतं, तालुका होता. हे नसतं तर नुसता आवाज उरला असता, कुणाचा ते कळलं नसतं. आता मीही डिस्कवर फोल्डर उघडतो तो गाणाऱ्याच्या नावानं, पुढे गाव आणि तारीख. माईक लावण्याआधी.

आता थोडं कामाचं. ऑडॅसिटी वापरत असाल तर रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर सेव्ह करा. नाहीतर सेव्ह करेपर्यंत सगळं आतल्या डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जात राहतं आणि आपल्याला वाटतं बाहेर चाललंय. डिस्क फॅट 32 या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर एक फाईल 4 जीबीच्या पुढे जात नाही. दोन माईकच्या 24 बिट रेकॉर्डिंगला ही मर्यादा चार तासांत येते. रात्रभराचा जागर घ्यायचा तर पहाटे काकड्याच्या आधीच फाईल थांबेल. विंडोजवर एनटीएफएस ठेवा. साध्या वेव्ह फाईललाही तीच 4 जीबीची हद्द आहे, म्हणून जागराच्या मधल्या चहाला रेकॉर्डिंग थांबवून नवी फाईल सुरू करणं बरं. डिस्क झोपी जाण्याची वेळ पॉवर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. साउंड कार्ड एका पोर्टला, डिस्क दुसऱ्या पोर्टला, मध्ये हब नको. केबल टेबलाच्या पायाला बांधून टाका, कारण रेकॉर्डिंग चालू असताना कुणाचा पाय अडकला तर वेगापेक्षा तोच मोठा धोका. आणि फिरती डिस्क माईकच्या टेबलावर ठेवू नका. शांत खोलीत तिची घरघर आत्याच्या श्वासाइतकीच स्पष्ट ऐकू येते.

म्हणूनच रेकॉर्डिंगसाठी मी आता एसएसडी वापरतो. तिच्यात फिरणारं काही नाही, आवाज नाही, धक्का लागला तरी फारसं बिघडत नाही. पण एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, तर तो भार ओसरू शकतो. जपून ठेवायची प्रत मी फिरत्या डिस्कवरच करतो, आणि तीही त्याच घरात ठेवत नाही. नगरला रेकॉर्ड झालेलं पाथर्डीला जातं, पाथर्डीचं नगरला येतं. सणावाराला जाणंयेणं असतंच. तेव्हा डिस्क जोडून दोनचार फाईल वाजवून पाहतो. जुन्या सल्ल्यातला एवढा भाग मी सोडलेला नाही: दुसरी प्रत हवीच. पहिली कुठे असावी, एवढंच बदललं.

माझ्या सांगण्यावरून ज्यांनी भजनं, ओव्या, आजोबांची कीर्तनं लॅपटॉपच्या आतच ठेवली आहेत, त्यांनी ती या दिवाळीआधी बाहेर काढावीत. जुना लॅपटॉप माळ्यावर असेल, सुरू होत नसेल, तरी आतली डिस्क बहुतेकदा चांगली असते. ती काढून डिस्कच्या यूएसबी केसमध्ये घालता येते आणि मग तीच बाहेरची डिस्क होते. एक्स्चेंजमध्ये देण्याआधी तो माझ्याकडे घेऊन या. मी बसून उतरवून देईन, आणि कोण गातंय ते तुमच्यासमोरच लिहून ठेवू.