शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या भाचीस

न्यू जर्सी,
28 फेब्रुवारी 2024

चि. मनू,


बेसबॉल अंपायरच्या परीक्षेचा निकाल पाठवलास. शंभरपैकी शंभर! ताईने तो तासाभरात सगळ्या गोतावळ्यात फिरवला आणि मग हळूच मला फोन करून विचारलं, "पण ही अंपायर होऊन पुढे करणार काय?" मी काय उत्तर दिलं असेल ते तुला सांगायला नको. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण निकालाखालची तुझी ओळ वाचली आणि डोकं फिरलं. "यंदाचे बदल किरकोळ आहेत मावशी, संध्याकाळी बसून उरकले. फक्त त्या इअरपीसचं काय ते सांग."

उरकले! सत्यनारायण आहे का तो, उरकायला? पुस्तक मांडीवर उघडं ठेवून सोडवायची परीक्षा ती. तीत शंभर मिळाले म्हणजे तुला पुस्तकातलं बरोबर पान सापडतं, एवढंच सिद्ध झालं. मैदानावर पान उलटायला कोणी वेळ देत नाही.

इअरपीसचं आधी सांगून टाकते, नाहीतर म्हणशील मावशीने विचारलेलं सोडून भलतंच ऐकवलं. (ते ऐकवणारच आहे.) हायस्कूलच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या इंडियानापोलिसच्या नॅशनल फेडरेशनने यंदापासून कोचला कॅचरशी यंत्रातून बोलायची मुभा दिली आहे. बोलणं एकाच बाजूने: कोच सांगणार, कॅचर ऐकणार, उलट उत्तर नाही. कोचने डगआउटमध्ये राहूनच बोलायचं आणि आपला संघ फील्डिंग करत असेल तेव्हाच. पिचरच्या टोपीत काही नाही, शॉर्टस्टॉपच्या कानात काही नाही. झालं. तू विचारतेस, कोच लबाडी करतोय हे ओळखायचं कसं? तू अंपायर आहेस, गुप्तहेर नाहीस. प्लेटपाशी दोन्ही कोच भेटतात तेव्हा स्पष्ट शब्दांत विचार: यंत्र वापरणार का, कोणाच्या कानात असणार. त्यानंतर जे डोळ्यांना दिसेल त्याचाच निर्णय दे. घोटाळा होईल तो लबाडीमुळे नाही, टीव्हीमुळे होईल. मेजर लीगमध्ये 2022 पासून पिचकॉम नावाचं असंच यंत्र आलं, तिथे पिचरलाही ऐकू येतं आणि काही फील्डरांनाही. पोरं तेच बघतात. एखादा पिचर निरागसपणे कानात काहीतरी घालून माउंडवर येईल आणि त्याचा बाप कुंपणामागून ओरडेल की यँकी स्टेडियममध्ये चालतं मग इथे का नाही.

आता माझं ऐक. नव्या मोसमाची तयारी म्हणजे नवे नियम वाचणं, असं सगळे समजतात आणि मी आमच्या जिममध्ये नव्या अंपायरांना दर फेब्रुवारीत घसा कोरडा होईपर्यंत सांगते की तसं नाही. नवा नियम कोणीही लक्षात ठेवतो, कारण तो नवा असतो, पत्रकात ठळक छापलेला असतो. तुला दगा देईल तो बदललेलाच नाही तो नियम. टीव्हीवर तो वेगळा दिसतो आणि हिवाळाभर बघून बघून तुझ्या हाताला त्याची सवय लागलेली असते.

बॉकचंच, म्हणजे पिचरच्या नियमबाह्य हालचालीचंच घे. धावपटू दुसऱ्या बेसवर, सातवी इनिंग, बरोबरी. पिचर सेटमध्ये पुरता थांबलाच नाही आणि त्याने चेंडू टाकला. तू बॉक पाहिलास. मेजर लीगचा अंपायर काय करतो? बोट दाखवतो, बॉक म्हणतो आणि खेळ पुढे चालू देतो, कारण तिथे चेंडू लगेच मृत होत नाही. बॅटरने तोच चेंडू कुंपणापलीकडे मारला तर होमरन टिकते. हायस्कूलमध्ये बॉक झाला त्या क्षणी चेंडू मेला. पिच नाही, होमरन नाही, धावपटूला एक बेस, बॅटर परत प्लेटपाशी. हा नियम तुला येतो, परीक्षेतही बरोबर लिहिला असशील. पण त्या क्षणी दोन्ही हात वर जाऊन तोंडातून खणखणीत "टाइम!" निघालं नाही, नुसतं बोट दाखवून तू बघत राहिलीस आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला, तर पुढची दहा मिनिटं तुझी नाहीत. निर्णय बरोबर असेल, पण तो बरोबर आहे असं मैदानावर एकालाही वाटणार नाही, कारण तुझ्या हातांनी तो सांगितलाच नव्हता.

म्हणून जिममध्ये आम्ही जमिनीवर टेप लावून बेस आखतो. बाहेर बर्फ असतो, पोरं टेनिस बॉल टाकतात आणि नवे अंपायर बी पोझिशनला, म्हणजे माउंड आणि दुसऱ्या बेसच्या मधे, वाकून उभे राहतात. बॉक दिसला की हात वर. पुन्हा. पुन्हा. लोक कंटाळतात. मागच्या वर्षी एक सद्गृहस्थ वैतागून म्हणाले, "आम्ही काय शाळकरी पोरं आहोत?" मी म्हटलं, नाही, पोरं पटकन शिकतात.

हे माझं डोकं नाही, तुझ्या आजोबांचं, अण्णांचं आहे. कबड्डीत बोनस रेषा आली तेव्हा त्यांनी काय केलं होतं ते ताईला विचार. पत्रक वाचून खिशात घातलं, चुना आणून अंगणात रेषा आखली आणि आम्हा बहिणींना नि शेजारच्या पोरांना चढाया करायला लावल्या. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत, हे बघायचं आणि त्याच वेळी समोर निदान सहा गडी उभे आहेत का हेही बघायचं, कारण कमी असतील तर बोनस नाही. पायावर नजर ठेवून गडी मोजायची सवय अण्णांनी तशी लावून घेतली. आईच्या दोन कुंड्या फुटल्या, त्यावरून जे रामायण झालं ते वेगळं. पण पुढे जत्रेतल्या सामन्यात पंच म्हणून अण्णांची शिट्टी कधी उशिरा वाजली नाही.

आणि वाचलेलं किती टिकतं त्याचा नमुना हवा असेल तर 2020 आठव. त्या वर्षी डीएचचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागी फक्त बॅटिंग करणाऱ्याचा, मोठा बदल आला. सुरुवातीचा खेळाडू स्वतःसाठीच डीएच होऊ शकतो, म्हणजे एकाच नावाच्या दोन भूमिका. फील्डिंगला दुसरा उभा केला तरी हा बॅटिंग करत राहणार. फेब्रुवारीत सगळ्यांनी घोकलं, मार्चमध्ये कोविड आला आणि मोसमच बुडाला. 2021 ला परत उभे राहिलो तेव्हा नियम नवा राहिला नव्हता, पत्रकात ठळक नव्हता आणि प्रत्यक्षात कोणी एकदाही वापरला नव्हता. कोच लाइनअप कार्डावर काहीही खरडून आणत आणि अंपायर मान डोलावून घेत. तू कोरी कार्डं घे आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते बदल लिहून बघ. पाचव्या इनिंगला डीएच पिचरच्या जागी आला, सहाव्याला बाहेर गेला, आता कोण कुठे? पेन्सिलीने लिही, पेन पावसात पसरतं.

टीव्हीची यंदाची भर म्हणजे पहिल्या बेसकडे जाणारी धावपटूची लेन. मेजर लीगने ती या मोसमापासून गवताच्या कडेपर्यंत रुंद केली आहे. आपल्या हायस्कूलमध्ये अजून तीन फूटच. आतल्या बाजूने धावणारा पोरगा थ्रोच्या आड आला की तू त्याला आउट देशील आणि त्याचा कोच फोनवर व्हिडिओ घेऊन येईल. पिचरने तिसऱ्या बेसकडे नुसती हूल देणं मेजर लीगने 2013 मध्ये बंद केलं, आपल्याकडे ती अजून चालते. दुसऱ्या बेसवर घसरताना धावपटू सरळ बेसकडे गेला नाही आणि त्याने खेळ बिघडवला, तर तो आउट आणि बॅटरही आउट. चेस अटलीने 2015 मध्ये असंच घसरून टेहादाचा पाय मोडला तेव्हा कुठे मेजर लीगला जाग आली, हायस्कूलच्या पुस्तकात ते आधीपासून आहे. अशी यादी स्वतः कर. पुस्तकातून नको, एखादी मॅच टीव्हीवर लावून कर: दर इनिंगला थांबव आणि विचार, हेच तुमच्या कोलंबसच्या मैदानावर झालं असतं तर मी काय दिलं असतं?

तयारी कशी असावी याचा माझा आवडता किस्सा तुला ठाऊक आहे, तरी सांगते. 24 जुलै 1983, यँकी स्टेडियम. जॉर्ज ब्रेटची नवव्या इनिंगमधली होमरन यँकीजचा मॅनेजर बिली मार्टिन याच्या तक्रारीवरून रद्द झाली, कारण बॅटवर पकडीसाठी लावायचं चिकट पाइन टार 18 इंचांच्या पुढे गेलं होतं. अंपायर टिम मॅक्लेलंडने बॅट 17 इंच रुंदीच्या होम प्लेटवर आडवी ठेवून मापली होती. ब्रेटचा तो थयथयाट सगळ्या जगाने पाहिला आहे. पण माझा किस्सा त्याच्या पुढचा. लीगच्या अध्यक्षांनी होमरन परत दिली आणि 18 ऑगस्टला मॅच तिथूनच पुढे सुरू झाली. अंपायर मात्र दुसरे होते. मार्टिन पक्का. पहिलाच चेंडू पडायच्या आत त्याने अपील केलं की ब्रेटने बेसला पायच लावला नव्हता. जुलैत या अंपायरांपैकी कोणीच तिथे नव्हतं, ते कशावरून सांगणार? नव्या अंपायरांपैकी डेव्ह फिलिप्सने शांतपणे खिशातून एक कागद काढला. आधीच्या अंपायरांनी शपथेवर लिहून दिलं होतं की ब्रेटने सगळ्या बेसना पाय लावला. मार्टिन काय बोलेल हे आधीच कोणीतरी बसून विचार करून ठेवलं होतं. पाइन टारचा नियम तर स्टेडियममधल्या प्रत्येकाने पाठ केला असेल त्या महिन्यात. कागद आणला तो अंपायरांनी.

हे सगळं लिहिते आहे खरी, पण मनू, मन दुसरीकडेच आहे. दुसऱ्याच वर्षी तुला व्हर्सिटीच्या, म्हणजे शाळांच्या मुख्य संघांच्या, मॅच मिळतायत याचा ताईला अभिमान वाटतो. मला त्याचं कारण माहीत आहे. 2018-19 नंतर देशभरात हायस्कूलच्या सगळ्या खेळांतले मिळून सुमारे 50,000 पंच सोडून गेले, असं फेडरेशनच सांगतं. पगारासाठी गेले नाहीत ते. कुंपणामागच्या आया-बापांमुळे गेले. माणसं नाहीत म्हणून उरलेल्यांना एकेकटं पाठवतात, प्लेटही तूच आणि बेसही तूच. मग नियम कितीही हातात बसलेले असोत, पाठीमागचा टॅग दिसणार कसा? न दिसलेल्या गोष्टीचा निर्णय दिला की ओरडा, नाही दिला तरी ओरडा.

आणि तू मुलगी. हे लिहू नये असं वाटलं होतं, पण लिहिते. गेल्या शनिवारी फ्लोरिडात जेन पावोल मेजर लीगच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या मॅचला अंपायर म्हणून उभी राहिली, 2007 नंतर पहिलीच बाई. आमच्या न्यू जर्सीची. मी टाळ्या वाजवल्या. पण पाम पोस्टेमा मायनर लीगमध्ये 13 वर्षं अंपायर होती आणि तिला पुढचा दरवाजा उघडला नाही, तेही मला आठवतं. तू चुकलीस तर "अंपायर चुकला" असं म्हणणार नाहीत, "बाई आणली की असंच होणार" म्हणतील. डेटनला त्या माणसाने जे म्हटलं ते तू हसून सांगितलंस. मला हसू आलं नव्हतं.

तर आता ऐकायचंच. प्लेटवर माझा जुना मास्क वापरू नकोस, पट्टे सैल झालेत, नवा घे, पैसे मी पाठवते. कॅचर मैदानात उतरला की त्याच्या छातीच्या पॅडवर नॉक्सीचा सुरक्षेचा शिक्का आहे का बघ, 2020 पासून तो लागतोच. नुसत्या कोचच्या शब्दावर जाऊ नकोस. छातीवर चेंडू बसून पोरांची हृदयं थांबली आहेत, म्हणून तो नियम आला. गाडी फाटकाकडे तोंड करून लाव. मॅच संपली की रेंगाळायचं नाही, कोणाला समजावत बसायचं नाही, पार्टनरबरोबर निघायचं आणि दोघांनी एकदमच गाड्या सुरू करायच्या.

आणि मार्चच्या शेवटी मॅच वाटून देणाऱ्या असाइनरने एकटीने करायची मॅच दिली तर त्याला सरळ नाही म्हण. पुढच्या मॅच मिळणार नाहीत अशी भीती घालेल, घालू दे. वाईटपणा घ्यायला मी आहे, माझा नंबर दे त्याला.

तुझी,
मावशी