पाऊस गेल्यावरची झाडे

झाडे लावायचे दिवस आषाढ-श्रावणाचे. तेव्हा पाऊस असतो, हौस असते आणि फोटो काढायलाही सगळे हजर असतात. पण भादवा सरला, ढग पांगले आणि उन्हाचा चटका बसू लागला की त्या झाडांचे काय होते? याचे उत्तर मला पुण्यात बाणेरच्या टेकडीवर मिळाले. ते सर्वांना कळावे म्हणून आपल्या भित्तिपत्रकात लिहीत आहे.

माझी मावशी बाणेरला राहते. बाणेर पूर्वी आपल्या गावासारखेच खेडे होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत गेले. तिथे तुकाईदेवीची टेकडी आहे आणि पायथ्याशी बाणेश्वराचे कोरीव लेणे आहे. २००६ सालापासून 'वसुंधरा अभियान' या नावाने तिथली माणसे टेकडीवर झाडे लावतात आणि जगवतात. कोणी पगार घेत नाही. सगळे श्रमदान.

घटस्थापनेला चार दिवस होते. मावशी म्हणाली, "चल गं, रविवार आहे, टेकडीवर जाऊ." मला वाटले, झाडांना पाणी घालायचे असेल. वर जाऊन बघते तर काय, माणसे विळे घेऊन गवत कापत होती! गवत माझ्या कमरेएवढे वाढले होते आणि शेंड्याकडून पिवळे पडत चालले होते. तेरड्याची बोंडे पिकली होती. बोट लावले की फट्‌दिशी फुटत आणि बी उडे. माझ्या पायमोज्यांत तर कुसळेच कुसळे! एका आजोबांनी एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते आपोआप गरगर फिरू लागले. आजोबा म्हणाले, "बाळ, याच्या शेपटीला पीळ असतो. ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत बी मातीत घुसते. गवताला कुणी लावावे लागत नाही. रोपाचे तसे नाही."

मी विचारले, "आजोबा, मग हिरवे गवत का कापता?" ते म्हणाले, "महिन्याभरात हे वाळेल. मग कुणी विडी टाकली तरी भडका उडतो आणि चार वर्षांचे झाड घटकाभरात जळते. म्हणून आत्ताच मधून गवत काढून पट्टा मोकळा ठेवायचा. आग तिथवर येऊन थांबते. याला जाळरेषा म्हणतात."

कापलेले थोडे गवत रोपांच्या आळ्यात पसरले आणि वर माती दाबली. त्यामुळे ओल उडून जात नाही आणि वाळल्यावर गवत पेटतही नाही. आजोबांनी मला हिशेब सांगितला. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. टेकडी काळ्या पाषाणाची, वर माती वीतभर. पुढचे ८ महिने रोपाने काढायचे कसे? म्हणून ओल आहे तोवरच आळी नीट करायची. पुढे उन्हाळ्यात पाणी वाहून न्यावे लागते. ओल टिकली तर तेवढ्या खेपा वाचतात.

तिथे आपट्याची झाडेही होती. दसरा जवळ आला होता. मावशी म्हणाली, "सोने म्हणून लोक फांद्याच्या फांद्या मोडतात. कित्येकदा तर आपटा समजून कांचनच ओरबाडतात. दोन्हींची पाने जोडपानासारखी दिसतात ना! एक पान दिले तरी सोने ते सोनेच." या दसऱ्याला आमच्या घरी आम्ही एकेकच पान दिले. आजी आधी हसली, मग म्हणाली, "बरं केलंस गं पोरी."

आता आपल्या शाळेचे सांगते. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आपण आलो तेव्हा कुंपणालगतची सात रोपे वाळून काटक्या झाली होती. या वर्षीची रोपे आज हिरवीगार आहेत. ती पावसाने जगवली. यापुढे पाऊस नाही. सुट्टी तोंडावर आली आहे आणि शाळेला कुलूप लागणार आहे.

म्हणून माझे सर्वांना सांगणे आहे. सुट्टी लागण्याआधी एका शनिवारी आपण सर्व आळी करू. गवत कापून आळ्यांत घालू, वर माती दाबू. ज्यांची घरे शाळेजवळ आहेत त्यांनी सुट्टीत पाळी लावून घ्यावी. हापसा फाटकाबाहेर आहे, त्यामुळे पाण्याची अडचण नाही. एका रोपाला दोन दिवसांआड एक तांब्या पुरेल. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आई-वडिलांनाही विनंती आहे की, बैल किंवा शेळ्या घेऊन शाळेवरून जाताना जरा कुंपणाकडे बघावे. शेळीला सुट्टी नसते!

या लेखाखाली एक कोरा कागद लावला आहे. त्यावर रोपांचे क्रमांक घातले आहेत. प्रत्येक क्रमांकापुढे एकाने आपले नाव लिहावे. पहिल्या क्रमांकापुढे मी माझे लिहिले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी