काटक शरीर आणि रक्तातली साखर

चाकणच्या कारखान्यात दरवर्षी आरोग्य तपासणी होते. रक्त द्यायचं, वजन करायचं, डोळे दाखवायचे आणि परत मशीनवर यायचं. बेचाळिसाव्या वर्षीच्या तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, ७.१ निघालं. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. मला खरं वाटेना. आमच्या मारुंजी गावात, भावकीत मी किडकिडीत म्हणूनच ओळखला जातो. वजन जेमतेम साठ किलो. साखर जाड्या माणसांना होते, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात.

आदल्या दिवशी लग्नात जेवलो होतो, त्याचा हा परिणाम असेल, असं मी डॉक्टर मॅडमना म्हणालो. त्या म्हणाल्या, "दादा, एका जेवणानं हा आकडा बदलत नाही." तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते, त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. रक्त कमी असलं तर मात्र हा आकडा चुकू शकतो, म्हणून त्यांनी माझं हिमोग्लोबिनही पाहिलं. ते ठीक होतं.

मग त्यांनी टेप काढली आणि बेंबीपाशी पोट मोजलं. ९४ सेंटिमीटर! भारतीय पुरुषाला ९०च्या आत हवं, बाईला ८०च्या. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन हे संप्रेरक साखर स्नायूंत पोचवतं. पण ही आतली चरबी वाढली की यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं जोर लावतं आणि शेवटी थकतं. इकडे रक्तातली जादा साखर रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर खराब करते. तिथं कोलेस्टेरॉलचे थर बसायला लागतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मुळात बारीक. त्यात मधुमेहानं मज्जातंतू बधिर झाले, तर छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो. हे ऐकून मी हादरलो.

बारीक माणसातही चरबी कशी दडते, हे समजावताना मॅडमनी डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव सांगितलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले हे संशोधक. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. मला हा फोटो फार धीर देऊन गेला. माझ्या देहाची ही तऱ्हा एकट्या माझी नव्हती.

याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरली, इंग्लंडमधली साडेतीनच्या. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी बायकांची ही लेकरं. म्हणजे माझ्यासारखी घडण जन्माआधीच सुरू होऊ शकते. हे घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरला. मी पोटात असताना सातव्या महिन्यातही ती भातलावणीला चिखलात उभी होती. "माझ्यामुळं झालं का रं हे?" तिनं विचारलं.

आई, तुझ्यामुळं काहीच नाही. याच अभ्यासात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी भरली. ते तुझ्या ताटात कुणी वाढलंच नाही. हा दोष आईच्या माथी मारणं मला घोर अन्याय वाटतो. शिवाय माझ्या बाबतीत नेमकं तसंच घडलं, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

आणि पुढचं माझ्याच डोळ्यांसमोर घडलंय. जिथं इंद्रायणी भात व्हायचा, तिथं आता हिंजवडीच्या नोकरदारांचे टॉवर उभे आहेत. शेताकडचं चालणं संपलं. दारातून कंपनीची बस, दिवसभर मशीन, रात्रपाळीत अवेळी जेवण. वडिलांच्या पिढीनं भात खाल्ला आणि अंगातून घामानं काढलाही. आम्ही भात ठेवला, श्रम सोडले.

आता गोळी चालू आहे. जेवण झालं की लगेच चालायला निघतो, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. स्नायू वाढावेत म्हणून वजनंही उचलतो. ताटात भात अर्धा, डाळ आणि उसळ दुप्पट. एचबीएवनसीचा आकडा ६.३वर आलाय. हृदयाची तपासणी चांगली निघाली.

माझ्यासारख्या बारीक माणसांनो, वजनकाट्यावर विसंबू नका. आज घरातली शिवणाची टेप घ्या, बेंबीपाशी मोजा. पुरुषाचा आकडा ९०च्या, बाईचा ८०च्या पुढे असेल, तर साखर आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्या.