रस्ता कसा आहे?

महाबळेश्वराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला एक सत्य लवकरच कळून चुकते. त्याच्याकडे येणारे पाहुणे खरे म्हणजे त्याच्याकडे येत नसतात, त्याच्यावरून जात असतात. माझे घर वाईत आहे. दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यामुंबईच्या माझ्या मावस-चुलत गोतावळ्याला माझी आठवण येऊ लागते आणि नाताळच्या सुमारास ती फारच दाटून येते. आमच्या घरातून चकलीचे दोन घाणे त्यांच्यासाठी म्हणून वेगळे काढून ठेवले जातात. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री फोन येतो आणि "कसे आहात?" या प्रश्नाच्याही आधी दुसराच प्रश्न येतो, "रस्ता कसा आहे?"

पावसाळ्यात हा प्रश्न मला कुणी विचारीत नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. दरड, चिखल, कोसळलेला कठडा यांची भीती प्रत्येकजण घरूनच घेऊन निघतो. २०२१ च्या जुलैत पोलादपूरकडून येणाऱ्या आंबेनळी घाटाची पावसाने काय दशा केली, तेही लोकांनी पाहिले आहे. थंडीत मात्र आकाश निळे, सडक कोरडी, हवा तरतरीत. मग "रस्ता कसा आहे?" याचा अर्थ एवढाच उरतो, की खड्डे किती? आणि मी "बरा आहे" म्हटले की पाहुणे गाडीची चावी फिरवतात.

पण ज्या गावात बसून लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम केले, त्या गावच्या मास्तराने एवढ्या मोठ्या प्रश्नाला "बरा आहे" असे दोन शब्दांचे उत्तर द्यावे, हे काही मला शोभत नाही. म्हणून म्हटले, या दिवाळीला सर्वांना मिळून एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकावे.

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. खंबाटकीचा घाट ओलांडला, सुरूर फाट्याला महामार्ग सोडला, की वाटेतले पहिले मोठे गाव आमचे. इथपर्यंत गाडी आपोआप येते. वाईच्या पुढे पसरणी लागते. शाहीर साबळ्यांचे हे गाव. तिथून घाट चढू लागतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, पाचगणी १३०० च्या आसपास. म्हणजे अवघ्या १२-१३ किलोमीटरांत गाडीला ६०० मीटर उंच उचलायचे. पुढे महाबळेश्वर आणखी १९-२० किलोमीटर, पण ती वाट पठारावरची, खेळतखेळत जाणारी.

वर्गात मी मुलांना शिकवतो, की हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. मुले लगेच वजाबाकी मांडतात, गुणाकार करतात आणि महाबळेश्वर वाईपेक्षा चार अंशांनी थंड असे उत्तर काढतात. उत्तर अगदी बरोबर. पण पौषातल्या एखाद्या पहाटे हे गणित साफ चुकते. खाली वाईत दात वाजत असतात आणि वर घाटमाथ्यावरचा माणूस त्या मानाने उबेत असतो. असे का व्हावे? तर रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येते. आमची वाई म्हणजे डोंगरांच्या मधला खोलगट वाडगा. त्या वाडग्यात रात्रभर ही गार हवा साचते. कृष्णा आणि धोमचा जलाशय तिला ओलावा पुरवतात. शेतातल्या पाचटाचा धूर असला तर तोही भर घालतो. पहाटे तीन-चारला धुके धरते, ते साडेआठ-नऊपर्यंत हलत नाही. ढोल्या गणपतीच्या देवळासमोर उभे राहावे आणि पलीकडचा काठ दिसू नये, अशा कितीतरी सकाळी मी पाहिल्या आहेत.

मौज अशी, की घाटाची काही वळणे चढून गेले की हे सारे एकाएकी संपते. गाडी धुक्यातून डोके वर काढते आणि डोळ्यांवर लख्ख ऊन येते. खाली पाहावे तर वाई नाही, शेते नाहीत, नदी नाही. नुसता पांढराशुभ्र सागर पसरलेला, आणि त्यात पांडवगड, कमळगड बेटांसारखे उभे! हे दृश्य पाहण्यासाठी महाबळेश्वरापर्यंत जायचीही गरज नाही. मात्र ते गाडी चालवता चालवता पाहायचे नसते. वळण सोडून, रुंद जागा बघून, गाडी पूर्ण बाजूला घेऊन पाहायचे असते.

हिच गार हवा वरही आपला खेळ खेळते. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांच्या काळात, १८४२ साली बांधलेला वेण्णा तलाव महाबळेश्वराच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून आहे. ती जागा सखल. बाजारात पारा सात-आठ अंशांवर असतो, तेव्हा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला गवतावरचे दव गोठून पांढरे होते. होड्यांच्या फळ्या, उभ्या मोटारींचे टप, स्ट्रॉबेरीची पाने, सगळ्यांवर मिठाची चिमूट टाकावी तसे हिमकण. पाहुण्यांना त्याचा कोण आनंद! स्ट्रॉबेरीवाल्याच्या जिवाचे मात्र पाणी होते, कारण त्याची कोवळी फुले याच चिमटीने करपतात. डांबरावर बर्फाचा थर धरून गाडी घसरावी, तसे हिमाचलात होते. आपल्याकडे ती भीती बाळगू नये. आपल्याकडची भीती निराळी आहे.

ती मला आमच्या शेजारच्या तात्यांनी समजावली. तात्यांनी सारी हयात एसटी चालवली. महाबळेश्वरची पहिली गाडी घेऊन ते इतक्या वेळा घाट चढले आहेत, की त्यांना वळणे गावकीतल्या माणसांसारखी नावानिशी ठाऊक. मी जुनी मोटार घेतली तेव्हा ते मुद्दाम माझ्या शेजारी बसून वर आले.

"मास्तर, धुक्यात मोठा दिवा लावायचा नाही," ते म्हणाले. "आरशात बॅटरी मारल्यासारखं होतं. उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. दिवा खालचाच ठेवा."

"आणि काच आतून धुरकटली तर?"

"ती तुमच्याच श्वासानं धुरकटते. काच बोटभर खाली घ्या, नाहीतर वाऱ्याचा झोत पुढच्या काचेवर सोडा. हातानं पुसत बसाल तर रस्ता कोण बघणार?"

त्यांचे बाकीचे नियमही असेच साधे होते. चढणाऱ्याला वाट आधी, उतरणाऱ्याने थांबायचे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणारा माणूस चार आण्यांसाठी घर गहाण ठेवतो. ब्रेक मिठासारखा वापरायचा, लागेल तेव्हा थोडा. सारखा दाबून धरला की तो तापतो आणि ऐन वळणावर हात टेकतो. चालत्या गाडीचे चारही दिवे उघडझाप करीत ठेवायचे नाहीत, कारण मग वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. धुके फारच दाटले तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्ता सोडून थांबायचे.

हे सगळे सांगून झाल्यावर तात्या जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घाट माणसाला सावध करतो, मास्तर. तिथं माणसं सांभाळून असतात. मला थंडीत भीती वाटायची ती खालच्या सपाट रस्त्याची."

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्यांच्या या बोलण्याचा अर्थ साऱ्या गावाला कळला. थंडीचे महिने हेच आमच्याकडे ऊसतोडीचे महिने. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात, शेतांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि मार्चपर्यंत रात्रंदिवस कारखान्याकडे ऊस चाललेला असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, नाहीतर बैलगाड्या. मागे दिवा नसतो. असलाच तर उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला असतो. अशीच एक ट्रॉली चाक बसल्यामुळे रात्री रस्त्यातच उभी राहिली. चाकाखाली दगड लावला, मागे खूण म्हणून झाडाची एक फांदी टाकली. पहाटे साडेपाचला धुक्यातून दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला ना फांदी दिसली, ना ट्रॉली.

त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला आणि आपल्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर बसला. मी त्या दिवशी भूगोलाचा तास घेतला. धुक्याचा धडा तेवढा पुढे ढकलला.

राग कुणावर काढायचा? ट्रॅक्टरवाला कर्जाने ट्रॅक्टर घेतलेला. तोडकरी दिवसभर कोयता चालवून ट्रॉलीच्याच आडोशाला थंडीत झोपलेले. त्यांची दोन पोरे हंगामापुरती आमच्याच शाळेत येत होती, त्या मुलाच्या मागच्याच बाकावर बसत होती. रस्त्यावर त्या पहाटे वाईट माणूस कुणीच नव्हता. फक्त एक दिसण्याजोगी वस्तू नव्हती.

ती वस्तू बाजारात मिळते. तिला सगळे 'रेडियम' म्हणतात. मादाम क्यूरींच्या रेडियमशी तिचे काही नाते नाही, हे मी मुलांना सांगितले. ही नुसती पट्टी. स्वतःचा उजेड तिला नाही, पण समोरून पडलेला उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते. माझ्या एका कादंबरीच्या मानधनातून मी पहिली गुंडाळी आणली. त्या गुंडाळीने जेवढा उजेड पाडला तेवढा माझ्या एकाही कादंबरीने पाडलेला नाही, असे आमच्या घरात एकमत आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही कोप्यांवर जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या लक्षात आले, की ट्रॉलीच्या फाळक्यावर पट्टी चिकटवून भागत नाही. ऊस भरला की वाढे तिच्यावर लोंबतात. मग तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापले, त्यांवर पट्ट्या चिकटवल्या आणि ते तारेने अगदी खाली टांगले. चिखल उडाला तर पुसायचे कुणी? ते काम तोडकऱ्यांच्या पोरांनी मागून घेतले. आता दर हंगामाला हे चालते. ट्रॅक्टरवाले सुरुवातीला हसत होते. आता दिवाळी झाली की स्वतःच शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात.

तेव्हा मंडळी, यंदाचे उत्तर ऐका. रस्ता चांगला आहे. विल्सन पॉइंटवरचा सूर्योदय पाहायची हौस असली तर आदल्या दिवशी उजेडी वर जाऊन मुक्काम करा. पहाटे चारला पुण्याहून निघून सूर्याशी शर्यत लावू नका. नाहीतर वाईत या, चहा घ्या, चकली खा, धुके उठू द्या आणि नऊ वाजता घाटाला लागा. नाताळच्या आठवड्यात वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागते, तिथे हॉर्न वाजवून तलाव मागे सरकत नाही. आणि येताना आमच्यासाठी पेढ्यांचा पुडा आणू नका, रेडियमची एक गुंडाळी आणा. गेल्या साली माझ्या एका मावसभावाने दोन आणल्या. मागाहून फोन करून त्याने विचारले, की कुठल्या गाडीला लावल्या?

त्याला मी सांगितले ते तुम्हांलाही सांगतो. मागे एका शनिवारी आम्ही ट्रॉल्यांचे काम आटोपून एका बैलगाडीपाशी आलो. मागच्या बाजूला पत्रा टांगून झाला. सगळे निघाले, पण तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा बैलांपुढे जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, मागून येणाऱ्याला आता दिसेल," तो म्हणाला. "पण समोरून येणाऱ्याला काय दिसणार?"

गाडीवान म्हणाला, "पुढं कुठं चिकटवायला जागा हाय, बाळा?"

मुलाने उत्तर दिले नाही. त्याने पट्टीचे चार तुकडे कापले, गाडीवानाला बैलांची मुस्की धरायला सांगितली आणि एकेका शिंगाला एकेक तुकडा गुंडाळला. शेवटचा गुंडाळून झाल्यावर दोन पावले मागे सरून त्याने ते चार ठिपके नीट पाहिले, आणि एक जरासा वाकडा बसला होता तो काढून पुन्हा सरळ लावला.