जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल

ऑटोमॅटिक गाडी जुनी झाली की मालक दोन गोष्टी विचारतात. ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो, हे खरं का? आणि आत कुठलं ऑइल आहे ते ठाऊक नसताना वरून दुसरं टाकलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जास्त नुकसान तिथेच होतं. साध्या गिअरबॉक्सात ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, व्हॉल्व्ह बॉडीतल्या दाबाने क्लच तेच दाबतं, उष्णताही तेच वाहून नेतं. शिवाय क्लच प्लेटा एकमेकींना किती झटकन धरणार, हेही त्याच्यावरच ठरतं. फोर्डचं जुनं ‘टाइप एफ’ घट्ट पकडीचं होतं, जनरल मोटर्सचं ‘डेक्सरॉन’ मऊ पकडीचं. दोन्ही लाल! तो लाल रंग गळती ओळखू यावी म्हणून घातलेला असतो. त्यामुळे बोटावर थेंब घेऊन ‘तेच आहे’ म्हणणारा मेकॅनिक मला पटत नाही.

ही मऊ पकड आणण्यासाठी एके काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं. ऑइलमधला एक घटक बदलला की सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं, ते असं.

मिसळायचंच तर एका घराण्यातलं मिसळावं. दोन कंपन्यांची ‘डेक्सरॉन ३’ एकत्र झाली तर काही बिघडत नाही. २००५ साली आलेलं ‘डेक्सरॉन ६’ जुन्याच्या जागी चालतं, पण ते पातळ आहे. सील थकलेल्या गाडीत मी ते विचार करूनच भरतो. होंडाच्या ‘झेड१’च्या जागी कंपनीनेच ‘डीडब्ल्यू-१’ दिलं. टोयोटाचं ‘टी-४’ आणि ‘डब्ल्यूएस’ मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणि सीव्हीटीत, म्हणजे पट्टा-पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सात, साधं ऑटोमॅटिकचं ऑइल कधीही टाकू नये. तिथे धातूचा पट्टा पुलीवर दाबाने धरून ठेवायचा असतो. तो घसरला की पुली ओरखडून जाते.

आता पहिली भीती. गिअर घसरायला लागले, की लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, गाडी महिन्याभरात बसते आणि दोष नव्या ऑइलवर येतो. प्लेटा आधीच झिजलेल्या असतात. म्हणून मी आधी चेंबर उघडून आतलं लोहचुंबक बघतो. राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे चकचकीत कण किंवा प्लेटांचे काळे तुकडे दिसले, ऑइलला जळका वास आला, तर मालकाला स्पष्ट सांगतो: ऑइलवर पैसे घालू नका, गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा.

गिअरबॉक्स धडधाकट असेल तर यंत्राने जोर लावून सगळं धुऊन काढण्यापेक्षा मी टप्प्याटप्प्याने बदलतो. नट काढला की सगळं ऑइल बाहेर येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकून राहतं. समजा एकूण आठ लिटर आहे आणि तीन निघालं. पहिल्या खेपेला आतलं जुनं पाच लिटर उरतं. मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवून असं तीनदा केलं, की जुनं दोन लिटरच्या आसपास राहतं. जुन्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ मध्ये कन्व्हर्टरलाही वेगळा नट दिलेला आहे. इंजिन हाताने फिरवून तो समोर आणला की जवळपास सगळं एकदम निघतं. ही सोय पुढच्या गाड्यांत राहिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पातळी मोजतानाही गाडीगणिक रीत बदलते. त्या मर्सिडीजची पातळी ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’वर घेऊन बघतात, जुन्या होंडाची गरम इंजिन बंद केल्यावर लगेच. एकीची रीत दुसरीला लावली तर भरलेलं ऑइल कमी-जास्त होतं आणि जास्त भरलेलं ऑइल फेसाळून दाब पाडतं.

काम झालं की बॉनेटखाली मी चिठ्ठी चिकटवतो: ऑइलचं पूर्ण नाव, निघालेले लिटर, भरलेले लिटर, किलोमीटर. गाडी पुढे दुसऱ्या कुणाकडे गेली, तर त्याने अंदाजाने डबा उघडू नये.